लाल टॅग आणि सईची सही

आमची पाच मजली इमारत एका रविवारी अडीच तास बंद होती. वीज होती, लिफ्ट ठणठणीत होती, पाण्याचा पंप गेल्याच महिन्यात नवा बसवला होता आणि खालच्या हॉलमध्ये ऐंशी माणसांचं जेवण तयार होऊन झाकून ठेवलेलं होतं. अडलं होतं ते फक्त माझ्या नातीच्या सहीवाचून. नात तिसरीत आहे.

हे सगळं माझ्यामुळे झालं, असं घरात बोललं जातं. (इमारतीतही. आणि आता बनशंकरीच्या भाजीबाजारातही.) मी नाकारत नाही. उलट कुणी विचारलं नाही तरी मी होऊन सांगतो!

आधी माझी ओळख. मी बेंगळूरूच्या एका सरकारी कारखान्यात तेहतीस वर्षं इन्स्पेक्टर होतो. पोलिसातला नव्हे, मालाचा. (हा फरक माझ्या सासऱ्यांना लग्नानंतर कळला.) कारखान्यात आमचं मुख्य हत्यार म्हणजे लाल टॅग. तळहाताएवढा पुठ्ठा, वर भोक, भोकात दोरा. तीन भाषांत छापलेलं: 'नापास. निरीक्षकाच्या सहीशिवाय हात लावू नये.' खाली एक आकडा आणि सही, बस्स. कारण टॅगवर लिहायचं नाही. ते इन्स्पेक्टरच्या वहीत, त्या आकड्यापुढे. आणि सगळ्यात मोठा नियम: ज्याने टॅग बांधला त्यानेच तो सोडायचा, तोही दुरुस्ती बघून. दुसऱ्या कुणी हात लावला तर मेमो! एकदा मी चुकून एका बड्या साहेबांच्या खुर्चीला टॅग बांधला आणि सुट्टीवर गेलो. साहेबांनी दोन दिवस उभ्याने काम केलं.

आता आमची इमारत. चोवीस घरं, त्यातली माझं आणि सेक्रेटरींचं सोडून सोळा आमच्याच कारखान्यातून रिटायर झालेल्यांची. सेक्रेटरी नंजुंडप्पा माझ्याच शॉपचे, म्हणजे खात्यातले. वॉचमन मुनियप्पाअण्णासुद्धा कारखान्याच्या गेटवरचा. एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर, सई. माझी नात. डोकं तल्लख, जीभ त्याहून. पण इंग्रजी लिहायला बसली की सगळी अक्षरं लहान. वाक्याची सुरुवात लहान, माणसाचं नाव लहान, सोमवार लहान, बेंगळूरू लहान. कॅपिटल म्हणून नाही! शाळेतून वही यायची ती पानभर लाल गोल घेऊन, पानाला गोवर आल्यासारखी. मग एके दिवशी वहीच येईनाशी झाली. माझ्या बायकोला, मंदाला, ती गादीखाली सापडली. आत मिसची चिठ्ठी: सोमवारच्या चाचणीत सुधारणा दिसली नाही, तर सईला दर शनिवारी जादा वर्गाला पाठवावं.

शनिवार म्हणजे सईचं स्केटिंग. आठवडाभर ती शाळेत जाते ती शनिवार येतो म्हणून.

"ट्यूशन लावूया, बाबा," केतकी म्हणाली. ही माझी सून. पुण्याची, कामाला एका सॉफ्टवेअर कंपनीत. "प्रॉपर टीचर हवी. हे फोनिक्स, ग्रामर वगैरे प्रोफेशनली हँडल करायला पाहिजे."

मी काही बोलणार एवढ्यात सई पडद्यामागून म्हणाली, "नको. मला नाही जमणार. मी ढ आहे."

आठ वर्षांचं पोर ते! मी तेहतीस वर्षांत हजारो वस्तू नापास केल्या, पण एकाही वस्तूने स्वतःला नापास केलेलं मी पाहिलं नव्हतं.

"ट्यूशन नाही," मी म्हणालो. "मी शिकवणार. सोमवारपर्यंत मला द्या."

"तुम्ही?" मंदा म्हणाली. ही मूळची निपाणीची, तिकडचा 'की' अजून जिभेवर आहे. "अहो, तुम्ही मुलाला सायकल शिकवलासा, तो अजून चालत जातोय की."

मी दुर्लक्ष केलं. (हा शब्द लक्षात ठेवा, हाही पुढे लागणार आहे.)

पहिला तास बुधवारी. मी पाच नियम मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लावले. वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल. माणसाचं नाव कॅपिटल. गावाचं नाव कॅपिटल. वार आणि महिना कॅपिटल. आणि 'मी' म्हणजे आय, हा कुठेही आला तरी कॅपिटल.

"का?" सई म्हणाली.

"नियम आहे."

"मराठीत नाही. कन्नडात नाही. हिंदीत पण नाही. तीन भाषांचं चालतं, मग इंग्लिशचेच एवढे लाड का?"

मी भिंतीवरचा कागद उगाच सरळ करायला लागलो.

"आणि आय मोठा, तर यू पण मोठा पाहिजे ना? मी तेवढा मोठा आणि तू लहान? हे तर बॅड मॅनर्स झाले, आजोबा!"

स्वयंपाकघरातून मंदा म्हणाली, "बरोबर बोलली की पोरगी. तुम्हीपण तसंच वागतासा."

बुधवारचा तास तिथेच संपला. गुरुवारी पंधरा वाक्यं घातली, पंधराच्या पंधरा लहान. मी लाल पेन उचललं, तशी सईने वही छातीशी घट्ट धरली. तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. अरे गाढवा, या पोरीला चुका दाखवून घ्यायचा कंटाळा आलाय! हिला चुका शोधायला लाव की!

मी उठलो, माळ्यावरची पेटी काढली. रिटायर झालो तेव्हा टॅगचा नवा नमुना आला होता आणि जुने रद्दीत निघाले होते. त्यातलं एक बंडल मी स्टोअरमध्ये रीतसर विचारून आणलं होतं. (का आणलं, हे मंदा वीसेक वेळा विचारून थकली होती.) मी सईला समोर उभं केलं, टॅग दाखवला, वही दिली, नियम समजावले. कारण वहीत. आकडा टॅगवर. जिने बांधला तिनेच सोडायचा. आधी दुरुस्ती, मग सही.

"म्हणजे मी बांधला तर तुम्हीपण नाही काढू शकत?"

"देवसुद्धा नाही."

सईच्या चेहऱ्यावर जे काही आलं, ते मी आठ वर्षांत पाहिलं नव्हतं. तिने पेन्सिल कानाला लावली आणि घरात शिरली.

दहा मिनिटांत मंदाचे तीन डबे नापास. मंदाने डब्यांवर इंग्रजीत नावं लिहिली होती, सगळी लहान अक्षरांत. "एकटाच शब्द असला तरी पाटीची सुरुवात आहे ना, आजोबा?" सईने विचारलं. मी म्हटलं, "शाब्बास!" मंदा मोहरी काढायला गेली तर मोहरीच्या डब्याला लाल टॅग.

"सोड गं ते, मला फोडणी करायची आहे."

"आधी दुरुस्ती, आजी."

"अहो, सांगा की हिला!"

"नियम म्हणजे नियम," मी म्हणालो. त्या दिवशी आम्ही बिनमोहरीचा उपमा खाल्ला. रात्री मंदाने तिन्ही डब्यांवर नवीन चिकटपट्ट्या लावल्या, सईने त्या तपासल्या, सही केली, टॅग सोडले. आणि तपासताना 'कुठलं अक्षर मोठं हवं' हे तिने एकदाही भिंतीवरचा कागद न बघता सांगितलं! मी जेवताना हा पराक्रम चार वेळा सांगितला. शनिवारी तर तिने केतकीच्या ऑफिसच्या एका ईमेलमधला लहान आय पकडला. केतकी म्हणाली, "बाबा, आय मस्ट से, इट्स वर्किंग." मी एवढा फुगलो की काही विचारू नका.

आणि फुगलेल्या माणसाच्या हातून होतं तेच माझ्या हातून झालं.

रविवारी सकाळी मी सईला फील्ड ड्यूटी दिली. "फक्त आपला मजला. फक्त चार टॅग. सरी?" (म्हणजे, ठीक ना?)

"सरी!" म्हणाली आणि गेली. जाताना तिने अख्खं बंडल नेलं, हे मला दिसलं नाही.

त्या दिवशी खालच्या हॉलमध्ये नंजुंडप्पांच्या मुलीचं सीमंत होतं, म्हणजे आपलं डोहाळजेवण. मंदा आणि केतकी नटूनथटून आधीच खाली गेल्या होत्या. मी निवांत पेपर वाचला, दुसरी कॉफी केली आणि साडेअकराला आंघोळीला गेलो. डोक्यापासून पायापर्यंत साबण लावला. नळ सोडला. नळातून आधी खोकला आला, मग हवा आली, मग काहीच आलं नाही.

बाहेर मोबाइल वाजत होता. थांबत होता, परत वाजत होता. मी अंगावरचा साबण पंच्याने पुसला, (पुसला म्हणजे पसरवला,) कपडे चढवले आणि लिफ्टकडे गेलो. लिफ्टच्या मुठीला लाल टॅग! खाली ओळखीचं अक्षर: सई, आकडा चार.

मी जिन्याने उतरायला लागलो. तिसऱ्या मजल्यावर सरस्वतम्मा पायरीवर पाय पसरून बसल्या होत्या. भरजरी कांजीवरम, हातात बांगड्यांचं तबक.

"लिफ्टला टॅग आहे," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. (सगळं बोलणं कन्नडातच झालं, मी आपलं मराठीत सांगतो.) "कालपर्यंत चांगली होती. बरं झालं तुम्ही वेळेवर तपासलीत, नाहीतर आज कुणाचा तरी जीव गेला असता!"

मी हात जोडून पुढे सटकलो.

खाली पंपाच्या खोलीपाशी मुनियप्पाअण्णा स्टूल टाकून पहारा देत होता. पंपाच्या बटणाला टॅग, आकडा सहा. "सार, दहाला पंप चालू करायला आलो तर हे! मी कुणाला हात लावू दिला नाही." छाती काढून उभा राहिला आणि त्याने मला सॅल्यूट ठोकला. मी साबणाच्या हाताने परत सॅल्यूट केला.

मेन गेटला टॅग, म्हणून पाहुण्यांच्या गाड्या रस्त्यावर. पार्किंगमध्ये लिफ्टचा मेकॅनिक घाम पुसत उभा होता. त्याला नंजुंडप्पांनी फोन करून पार देवनहळ्ळीहून बोलावला होता, सुट्टीच्या दिवशी! लिफ्टला काहीही झालेलं नाही असं तो कळवळून सांगत होता आणि आमच्या कारखान्याचे सोळा रिटायर्ड लोक त्याला एकमुखाने सांगत होते, "तुला नाही कळणार. टॅग आहे."

आणि हॉलमध्ये? हॉलमध्ये बिसिबेळेभाताचं पातेलं. केवढं? त्यात मी मावलो असतो. त्यावर केटररने आपलं नाव झोकात लहान इंग्रजी अक्षरांत रंगवलेलं, आणि कडीला टॅग, आकडा नऊ. ऐंशी माणसं केळीच्या पानासमोर. उत्सवमूर्ती मुलगी खुर्चीवर, पोटाशी हात धरून, दोन जिवांची भुकेली. पाणी नाही, भात नाही.

"पोरगी कुठे आहे? शोधून दमले की मी!" मंदाने मला कोपऱ्यात ओढलं. "म्हणाले होते का नव्हते, मोहरीपाशीच आवरा म्हणून?"

नंजुंडप्पा आले. धोतर, जरीचं उपरणं, चेहरा लाल. "स्वामी, तुम्हाला दहा फोन केले! भाताला काय झालंय? विषबाधा?"

"काही नाही हो, काही नाही," असं म्हणत मी पातेल्याकडे धावलो आणि टॅगच्या दोऱ्याला हात घातला. त्याबरोबर मागून सोळा आवाज एकदम, "ए ए ए! बिडि, बिडि!" म्हणजे राहू द्या, हात काढा. एकाने माझं मनगटच धरलं. "सार, सही तुमची नाही. ज्याने बांधला त्यानेच सोडायचा. तुम्हीच शिकवलंय!"

तेहतीस वर्षांत मी या लोकांना एकच गोष्ट शिकवली होती. तीही त्यांनी एवढी पक्की शिकायला नको होती!

"मग ज्याने बांधला तो कुठे आहे?" नंजुंडप्पांनी गर्जना केली.

"ती," मी म्हणालो.

दारात सई उभी होती. गच्चीवर पाण्याच्या टाक्या तपासून आली होती. गुडघ्याला धूळ, कानाला पेन्सिल, काखेत वही. शंभर डोळे तिच्याकडे वळले. तिला काहीतरी बिनसलंय हे कळलं, आणि मी पाहिलं, तिने वही छातीशी धरली. घट्ट. गुरुवारी धरली होती तशी.

भात गेला खड्ड्यात! आता इथे कुणी हिच्यावर ओरडलं, तर उद्या ही पेन्सिल उचलणार नाही. उद्याच काय, कधीच नाही. मी नंजुंडप्पांकडे बघून हात जोडले. केतकी पुढे यायला निघाली होती, मंदाने तिचा पदर धरून ठेवला.

नंजुंडप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग त्यांनी घसा खाकरला आणि कारखान्यात मोठे अधिकारी तपासणीला यायचे तेव्हा लावायचे तो आवाज लावला.

"इन्स्पेक्टर मॅडम. लिफ्टला दोष काय आहे?"

सईने वही उघडली. "नंबर चार," ती म्हणाली. (कन्नडमध्ये ताता म्हणजे आजोबा.) "ताता, लिफ्ट चांगली आहे. नोटिशीतलं पहिलं अक्षर लहान आहे. आणि पुढच्या वाक्याचं पण."

देवनहळ्ळीचा मेकॅनिक मटकन खाली बसला.

इमारतीतल्या सगळ्या नोटिसा गेली आठ वर्षं स्वतः नंजुंडप्पा लिहितात. स्वतःच्या अक्षराचा त्यांना कोण अभिमान! त्यांनी उपरणं खांद्यावरून काढून कमरेला बांधलं.

"मार्कर आणा," ते म्हणाले. "नापास म्हणजे नापास."

मग जी वरात निघाली! पुढे सई, मागे मार्कर घेऊन नंजुंडप्पा, त्यांच्यामागे शिडी घेऊन मुनियप्पाअण्णा, मागे सोळा रिटायर्ड, सगळ्यात मागे कानात साबण घेऊन मी. सई बोट ठेवायची, "इथे. वाक्य सुरू." नंजुंडप्पा दुरुस्त करायचे. ती वाकून बघायची, डोकं हलवायची, सही करायची, दोरा सोडायची. लोक टाळ्या वाजवायचे! गेट झालं, पंप झाला, पाणी चढायला लागलं, लिफ्ट सुटली आणि सरस्वतम्मा तिसऱ्या मजल्यावरून थाटात खाली आल्या. एका जुन्या फिटरने मुद्दाम परीक्षा घेतली, "मॅडम, ही नोटीस पण बघा, यात मंगळवार लहान आहे." सईने पाहिलं. "नाही अंकल, मोठा आहे. पास." फिटर हसला आणि त्याने तिला कडक सॅल्यूट ठोकला.

शेवटी पातेलं. केटरर हट्टाला पेटला. (इकडे पाप्पा म्हणजे बाळ.) "पाप्पा, तीस वर्षं हेच नाव आहे! ही स्टाइल आहे!"

"अंकल, स्वतःचं नाव आहे ना? मग ते मोठं नको?"

केटररने विड्याच्या तबकातून बोटभर चुना घेतला आणि नावाचं पहिलं अक्षर पातेल्यावर असं ठसठशीत मोठं काढलं, की लांबून वाचता यावं. सईने सही केली. झाकण उघडलं. भाताच्या वाफेबरोबर हॉलमधून जो काही गलका उठला! नंजुंडप्पांच्या लेकीने पहिलं वाढलेलं पान सईपुढे सरकवलं. मी डोळे पुसले. साबण गेला होता डोळ्यात. (बरं, सगळा साबण नव्हता.)

सोमवारी चाचणी झाली. सईच्या पानावर एकही लाल गोल नाही! एकही! मिसने खाली लिहिलं होतं: 'सईने उत्तम प्रगती केली. शनिवारी वर्गाला यायची गरज नाही. कृपया शाळेत लाल टॅग पाठवू नयेत.' या शेवटच्या वाक्याचा अर्थ मी सईला विचारला. ती म्हणाली, "प्रश्नपत्रिकेत एप्रिल लहान होता."

मी ती चिठ्ठी घेऊन घरभर नाचलो. सांगलीला भावाला फोन केला, पुण्याला व्याह्यांना केला, मग सांगलीला परत केला. मंदा म्हणत होती, "अहो, पुरे की. पोरीचं कौतुक पोरीला करू द्या. जरा तिला बोलू द्या की!" मी म्हटलं, हो हो, आणि नंजुंडप्पांना सांगायला खाली गेलो. तिथून दूध आणायला, तिथून देवळात. त्या दिवशी जो भेटेल तो माझ्याकडे बघून हसत होता. मला वाटलं, सईची कीर्ती पसरली!

घरी आलो, सदरा काढला. मागे सेफ्टी पिनने लावलेला लाल टॅग. आकडा अकरा.

"सई! हे काय?"

ती शांतपणे वही घेऊन आली. अकरा नंबरपुढे इंग्रजीत एक वाक्य होतं. आजोबा आजीचं ऐकत नाहीत, दुरुस्ती हवी.

"बरं, ऐकतो. सोड आता."

"आजी सांगेल तेव्हा सही करीन. दुरुस्ती तिच्याकडे आहे."

मी मंदाकडे पाहिलं. मंदा मोहरी निवडत होती. "बघू की," ती म्हणाली. "घाई काय आहे?"

याला आता तीन महिने झाले. सदरा धुवायला टाकायचा म्हणून सईनेच टॅग माझ्या आरामखुर्चीला हलवून बांधलाय आणि आलेला प्रत्येक पाहुणा तो वाचतो. स्वतः सोडावा तर तेहतीस वर्षांचा नियम आडवा येतो. म्हणून निदान तक्रारीतच काही चूक सापडते का, हे बघायला मी तिची वही घेऊन, चष्मा लावून, भिंग धरून, ते वाक्य अर्धा तास तपासलं. सुरुवात कॅपिटल. आजोबा कॅपिटल. आजी कॅपिटल. खाली सोमवार, तोही कॅपिटल. अक्षरं सगळीच्या सगळी पास; नापास मी एकटा.